भग्नसंधान, हाडवैद्य आणि कायरोप्रॅक्टिक

१. प्रश्नाचें स्वरूप

पाठीच्या मणक्यांवर हातानें नेमका दाब देऊन रोग बरे करण्याची जी अमेरिकन उपचारपद्धति 'कायरोप्रॅक्टिक' या नांवानें प्रसिद्ध आहे, ती मूळची आपलीच असून सुश्रुतसंहितेंत सांगितलेली आहे, असें विधान अलीकडे वारंवार ऐकूं येतें. उलट पक्षीं, गांवोगांवच्या हाडवैद्यांचें काम म्हणजे निव्वळ अडाणीपणा होय, त्यास ग्रंथाधार कांहींच नाहीं, असें म्हणणारी मंडळीहि आहेत. हीं दोन्ही मतें पुराव्याच्या कसोटीस लावून पाहावीं, आणि तसें पाहतांना आपल्या प्रांतांतील पोथीसंग्राहकांस कोणतें काम करावयाचें उरतें तें सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हा प्रश्न केवळ अभिमानाचा नाहीं. प्राचीन ग्रंथाच्या नांवावर विश्वासून मनुष्य आपली मान दुसऱ्याच्या हातीं देतो. तेव्हां तो आधार खरा कीं खोटा, याचा निर्णय करणें हें इतिहासाभ्यासकाचें कर्तव्यच ठरतें.

प्रथम शब्दाचा विचार करूं. ग्रीक भाषेंत 'खेइर' म्हणजे हात. त्यास 'कृति' या अर्थाचा शब्द जोडून 'कायरोप्रॅक्टिक' हें नांव सिद्ध झालें. याच 'खेइर' शब्दास 'काम' या अर्थाचा शब्द जोडून 'खेइरुर्गिआ' झालें व त्यापासून इंग्रजींतील 'सर्जरी' आली. 'हस्त' हा आपला शब्दहि त्याच मुळाचा असावा, असें भाषाशास्त्रज्ञ बहुधा मानतात. म्हणजे शल्यकर्म काय आणि हें नवें तंत्र काय, शब्दार्थानें दोन्ही हस्तकर्मेंच. तथापि शब्दाचें नातें जुळलें म्हणजे विद्येचें नातें जुळलें, असें मात्र होत नाहीं.

२. सुश्रुतसंहितेंतील भग्नविचार

सुश्रुतानें या विषयाची मांडणी दोन ठिकाणीं केली आहे. निदानस्थानाचा पंधरावा अध्याय हा भग्ननिदानाचा, व चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय हा भग्नचिकित्सेचा. 'भग्न' या एका संज्ञेखालीं त्यानें दोन प्रकार घेतले आहेत: सांधा निखळणें तो सन्धिमुक्त, व हाड मोडणें तो काण्डभग्न. सन्धिमुक्ताचे सहा भेद आहेत: उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त व तिर्यक्क्षिप्त. काण्डभग्नाचे बारा आहेत. नांवांवरूनच दिसतें कीं, ही विभागणी केवळ ग्रंथांतरीची नसून हाताला काय लागतें यावर केलेली आहे. सांधा सरकून वर गेला, खालीं गेला, आडवा झाला कीं पिळवटला, हें चांचपून ओळखल्याशिवाय असे भेद करतां येत नाहींत.

उपचाराचें सूत्रहि तितकेंच सरळ आहे. खालीं गेलेलें वर उचलावें, वर आलेलें दाबावें, दूर गेलेलें ओढून घ्यावें, आणि जागीं बसल्यावर बांधावें. बांधण्यासाठीं वड, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन इत्यादि वृक्षांच्या सालींच्या व वेळूच्या कांबी सांगितल्या आहेत. त्यांस 'कुश' अशी संज्ञा आहे. थंडीच्या दिवसांत सात, साधारण ऋतूंत पांच व उन्हाळ्यांत तीन दिवसांनीं बंध बदलावा. बंध सैल पडला तर सांधा स्थिर होत नाहीं, व फार आवळला तर त्वचादिकांस सूज, वेदना व पाक हे विकार होतात, असा स्पष्ट इषारा तेथें आहे. हा इषारा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें प्रयोजन आहे. बरें होण्यास तरुणपणीं एक महिना, मध्यम वयांत दोन व उतारवयांत तीन महिने, असा कालहि दिला आहे. तळहाताच्या दुखापतींत पूर्ववत् बळ येण्यासाठीं प्रथम मातीचा गोळा हातांत धरावयास द्यावा, मग मिठाचा खडा, व शेवटीं दगड, ही चढती पायरी पाहिली म्हणजे हें लिहिणारानें रोगी समोर बसवून उपचार केले होते, याविषयीं संशय राहत नाहीं.

आतां प्रस्तुत प्रश्नास जो भाग सर्वांत जवळचा, तो पृष्ठवंशाचा. सुश्रुताच्या गणनेनें शरीरांत हाडें तीनशें व सांधे दोनशें दहा. पैकीं पाठीची हाडें तीस, व पृष्ठवंशाचे सांधे चोवीस. मान व पृष्ठवंश यांतील सांध्यांस तो 'प्रतर' म्हणतो. चरकाची एकूण गणना तीनशें साठ आहे. या गणनांतील भेदांचा ऊहापोह हर्न्ले यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत सविस्तर केलेला आहे, त्याची येथें पुनरुक्ति करीत नाहीं.

मान वांकडी झाली असतां किंवा खालीं दबली असतां, मानेचा मागील भाग व दोन्ही जबडे धरून मनुष्यास वर उचलावें, मग कुश लावून वस्त्रानें वेष्टावें व सात रात्रीं उताणें निजवावें, असें चिकित्सास्थानांत सांगितलें आहे. हा ताण देण्याचा उपचार होय. श्रोणि, पृष्ठवंश, छाती व गळ्याजवळचें हाड यांच्या भग्नांत 'कपाटशयन' म्हणजे फळीवर निजवून पांच खुंट्यांच्या योगें रोग्यास हलूं न देणें, हा विधि आहे. आणि निदानस्थानांत तर छातीचा मध्य, कानशील, पाठ व मस्तक येथील भग्न वर्ज्य मानिलें आहे. म्हणजे पृष्ठवंशाविषयीं सुश्रुताची वृत्ति अत्यंत सावध आहे. ताण, स्थिरता व विश्रांति हे त्याचे उपाय; मणक्यास झटका देण्याचा विधि या अध्यायांत नाहीं, व मणका सरकल्यामुळें ज्वर, बाधिर्य किंवा उदररोग होतो, असें प्रतिपादनहि नाहीं.

३. उत्तरकालीन ग्रंथांतील ऱ्हास

सुश्रुतानंतरच्या संग्रहग्रंथांत या विषयाचें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. माधवनिदानांत भग्ननिदान आहे. वृन्दाच्या सिद्धयोगांत व अकराव्या शतकांतील चक्रदत्तांत भग्नाधिकार आहे. महाराष्ट्रांतील वैद्यांच्या घरोघरीं असणाऱ्या योगरत्नाकरांतहि तो आहे. परंतु जसजसें खालीं यावें, तसतसा हाताचा भाग आटत जातो व औषधांचा भाग वाढत जातो. लाक्षादिगुग्गुळ, अस्थिसंहार म्हणजे आपली कांडवेल, लेप व तेलें यांस प्राधान्य येतें. डल्हणानें बाराव्या शतकांत सुश्रुतावर निबन्धसंग्रह ही टीका लिहिली, तींत मूळ शब्दांचा अर्थ आहेच. पण अर्थ सांगणें व हात फिरवून दाखविणें यांत अंतर आहे. ग्रंथ पंडितांच्या घरीं राहिला, व हस्तकर्म दुसऱ्यांच्या हातीं गेलें. तें कोणाच्या हातीं गेलें, हें पाहण्यापूर्वीं एका परदेशी साम्याचा विचार करणें अवश्य आहे. कारण संबंध जोडणाऱ्यांची सर्व मदार अशा साम्यांवरच असते.

४. मुसळाची साक्ष

खांदा निखळला असतां रोग्याच्या काखेंत मुसळ घालून ती वर उचलावी, व सांधा जागीं बसतांच स्वस्तिकबंधानें बांधावा, असें सुश्रुत सांगतो. हिपोक्रेटीसच्या नांवावर मोडणाऱ्या 'सांध्यांविषयीं' या ग्रीक ग्रंथांतहि खांदा बसविण्याच्या अनेक रीतींत एक रीत मुसळाची आहे. तें घसरूं नये म्हणून त्यास मऊ वस्त्र गुंडाळावें, एवढा तपशील तेथें अधिक आहे. त्याच ग्रंथांत कुबड आलेल्या रोग्यास पालथें निजवून दोन्हीं बाजूंनीं ताण द्यावा, व वैद्यानें कुबडावर तळहातानें दाबावें, प्रसंगीं त्यावर बसावें किंवा पाय द्यावा, असेंहि वर्णन आहे. यावर किटिअमच्या अपोलोनिअसनें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत टीका लिहिली. तिची नवव्या-दहाव्या शतकांच्या सुमाराची सचित्र प्रत फ्लॉरेन्स येथें सुरक्षित आहे, व सांधे बसविण्याच्या क्रिया तींत चित्रांनीं दाखविल्या आहेत.

दोन ग्रंथांत एकच मुसळ. यावरून कोणीं कोणापासून घेतलें? कोणी म्हणेल, ग्रीकांनीं आमच्यापासून; कोणी म्हणेल, आम्हीं ग्रीकांपासून. परंतु मुसळ दोन्ही देशांत घरांत असे, आणि खांद्याचा सांधा दोन्ही देशांतील मनुष्यांचा सारखाच आहे. काखेंतून वर रेटलें असतां हाड जागीं येतें, हें ज्यानें त्यानें स्वतंत्रपणें शोधावें यांत नवल नाहीं. उसनवारी सिद्ध करावयाची तर शब्दाची उचल, चुकीची उचल, किंवा मधल्या दुव्याचा लेखी पुरावा पाहिजे. नुसतें क्रियेचें साम्य पुरेसें नाहीं.

हाच नियम लोकाचारासहि लागू पडतो. आपल्याकडे उसण भरली किंवा कंबर धरली म्हणजे पायाळू मनुष्याकडून पाठीस पाय लावून घेण्याची चाल आहे. स्कॉटलंडच्या ईशान्य भागांतहि पायांकडून जन्मलेल्या मनुष्यानें लचकलेला अवयव चोळला किंवा तुडविला असतां गुण येतो, अशी समजूत असल्याचें वॉल्टर ग्रेगर यानें १८८१ सालीं नमूद केलें आहे. दोहोंमध्यें कोणताहि दुवा दिसत नाहीं. तरी समजूत एकच. तेव्हां साम्य दिसतांच वंशावळ लावण्याचा मोह संशोधकानें आवरावा.

५. तालीम व हाडवैद्य

हस्तकर्माचा खरा वारसा आपल्या प्रांतांत मल्लांकडे आला. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें (तिसरा) बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या मानसोल्लासांत मल्लविनोदाचें प्रकरण आहे. तेव्हां कोल्हापूर प्रांत शिलाहारांकडे असून ते चालुक्यांचे मांडलिक होते. म्हणून हा ग्रंथ आमच्या प्रदेशास परका नव्हे. त्यांत मल्लांचे ज्येष्ठिक, अन्तर्ज्येष्ठिक व गोवल असे वर्ग, त्यांचा आहार व त्यांची मेहनत यांचें वर्णन आहे. राजाच्या उपभोगांत अभ्यंगाचाहि विचार स्वतंत्रपणें केला आहे. 'जेठी' हें मल्लकुलांचें नांव या 'ज्येष्ठी'शीं जोडलें जातें, आणि गुजरात व म्हैसूरकडील जेठींची सांधे बसविण्याविषयीं ख्याति होती.

कारण उघड आहे. जेथें रोज अंग मोडतें, तेथेंच तें सांधणारा तयार होतो. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत (१८९४–१९२२) कुस्तीस जो राजाश्रय मिळाला, त्यानें ही परंपरा येथें दृढ झाली. १९१२ सालीं पुरें झालेलें खासबाग मैदान व गंगावेस, मोतीबाग इत्यादि तालमी हीं त्या आश्रयाचीं ठळक चिन्हें होत. तालमींत वस्ताद पोरांचें अंग रगडून घेतो, मुरगळलेला घोटा ओढतो, निखळलेला खांदा बसवितो, व त्याचा हात बसला म्हणजे पेठेंतील माणसेंहि मूल उचलून त्याच्याकडे धांव घेतात. मान धरणें, चमक भरणें, शीर चढणें, हाड सरकणें, ही सारी परिभाषा तालमीची आहे. तिचा सुश्रुताच्या संज्ञांशीं शब्दशः मेळ बसत नाहीं, हेंहि लक्षांत घ्यावें.

मराठी मंडळींत या विद्येचें सर्वांत प्रसिद्ध पीठ बडोद्यास झालें. तेथील जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रो. माणिकराव हे व्यायामाचार्य म्हणून जितके विख्यात, तितकेच हाडवैद्य म्हणूनहि होते. १९०७ ते १९१० या वर्षांत जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांच्याजवळ शिकले. पुढें स्वामी कुवलयानंद या नांवानें त्यांनींच १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचें क्ष-किरणादि साधनांनीं परीक्षण आरंभिलें. गुरूच्या हातची विद्या शिष्यानें प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मात्र ती योगाच्या बाबतींत. हाडवैद्यकाचें तसें परीक्षण झालें नाहीं. बडोद्यासच द. चिं. मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, व तालमींतील पुष्कळसें ज्ञान प्रथमच छापील रूपांत आणिलें.

६. कायरोप्रॅक्टिकचा उगम

युरोपांतहि हाडें बसविणारे लोक वैद्यांहून निराळे होते. इंग्लंडांत सारा मॅप ही बाई अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत या कामीं गाजली. १८६७ सालीं सर जेम्स पॅजेट या नामांकित शस्त्रवैद्यानें, असल्या लोकांच्या हातून कोणते रोगी बरे होतात याचा वैद्यांनीं विचार करावा, या विषयावर व्याख्यान दिलें. १८७१ मध्यें डॉ. व्हार्टन हुड यानें रिचर्ड हटन या हाडवैद्याजवळ पाहून शिकलेल्या क्रिया प्रसिद्ध केल्या. हर्बर्ट बार्कर यास तर वैद्यकीय पदवी नसतांहि १९२२ सालीं 'सर' हा किताब मिळाला.

अमेरिकेंत अँड्र्यू टेलर स्टिल यानें १८७४ पासून ऑस्टिओपथीचा पुरस्कार केला व १८९२ सालीं तिचें विद्यालय काढलें. त्याच वातावरणांत डॅनिएल डेव्हिड पामर हा पुढें आला. हा १८४५ सालीं कॅनडांत जन्मला, व आयोवा संस्थानांतील डॅव्हनपोर्ट शहरीं 'चुंबकीय' उपचार करीत असे. १८ सप्टेंबर १८९५ रोजीं त्यानें हार्वी लिलार्ड या बहिऱ्या कामगाराच्या पाठीचा एक मणका बसविला व त्यास ऐकूं येऊं लागलें, अशी या संप्रदायाची उत्पत्तिकथा आहे. संशोधकांस येथें सांगण्यासारखें असें कीं, या कथेचे वृत्तांत एकमेकांशीं जुळत नाहींत. १८९७ च्या आरंभीं छापलेल्या लिलार्डच्याच निवेदनांत पामरनें मागील जानेवारींत हें निदान सांगितल्याचा उल्लेख असल्यानें, प्रसंग १८९६ चा ठरण्याचा संभव आहे. शिवाय श्रवणाची नाडी पाठीच्या कण्यांतून जातच नाहीं, हा शारीरविदांचा आक्षेप प्रसिद्ध आहे. सॅम्युएल वीड या पाद्र्यानें ग्रीक शब्द जोडून नांव दिलें, व १८९७ सालीं विद्यालय सुरू झालें.

पामरनें मणके बसविणारा पहिला मनुष्य आपण, असें म्हटलें नाहीं. ती क्रिया प्राचीन आहे, हें त्यानें १९१० च्या ग्रंथांत स्वतःच मान्य केलें. मणक्याच्या मागील व बाजूच्या टोंकांचा तरफेसारखा उपयोग आपण प्रथम केला, एवढा त्याचा हक्क. त्याहून मोठी नवी गोष्ट म्हणजे त्याची उपपत्ति: मणके किंचित् सरकल्यानें नाड्यांच्या कार्यांत बिघाड होतो, व बहुतेक सर्व रोगांचें मूळ तेथें आहे. परवान्यावांचून वैद्यकी केल्याबद्दल १९०६ सालीं तो तुरुंगांत गेला, व १९१३ सालीं वारला. त्याच वर्षीं कॅन्सस संस्थानानें या धंद्याचा पहिला कायदा केला. शेवटचें संस्थान लुइझिआना, १९७४ सालीं. अमेरिकन वैद्यकसंघानें या धंद्यावर बहिष्कार घातल्याचा खटला १९७६ सालीं दाखल झाला व १९८७ सालीं निकाल संघाविरुद्ध लागला. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं दिलेल्या मार्गदर्शनांत पूर्ण शिक्षणास किमान ४२०० तासांची अपेक्षा सांगितली आहे.

पामरच्या उपपत्तीस प्रयोगांचा आधार मिळाला नाहीं, व या धंद्यांतील पुष्कळांनींच ती सोडून दिली आहे. कंबरेच्या साध्या दुखण्यांत मात्र हस्तोपचारानें इतर मान्य उपचारांइतका माफक गुण येतो, असें आजवरच्या परीक्षणांचें तात्पर्य आहे. मानेस झटका दिल्यावर तेथील धमनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याचीं क्वचित् परंतु गंभीर उदाहरणेंहि वैद्यकीय वाङ्मयांत नमूद आहेत.

७. निर्णय व विनंति

वरील पुराव्यावरून निर्णय असा. कायरोप्रॅक्टिक ही सुश्रुताची विद्या नव्हे. तिची उपपत्ति १८९५ च्या सुमारास अमेरिकेंत जन्मली. तिच्या हस्तक्रियांचे पूर्वज मात्र सर्व देशांतील हाडवैद्य होत, व त्यांत आमचे वस्तादहि येतात. सुश्रुतास तिचा जनक म्हणण्यानें त्याचा गौरव होत नाहीं. ज्यानें पाठीचें भग्न वर्ज्य सांगितलें व फळीवर निजविण्यास शिकविलें, त्याच्या नांवावर मानेस झटका देणें ही त्याची विटंबना होय. तसेंच हाडवैद्यास निराधार म्हणणेंहि न्याय्य नाहीं. त्याची ओढण्याची, दाबण्याची, बांधण्याची क्रिया भग्नचिकित्सेच्याच जातीची आहे. पण ग्रंथ व हात यांची ताटातूट झाल्यानें एक अनर्थ घडला. वेळूच्या कांबी हातांत राहिल्या, आणि बंध फार आवळूं नये हा इषारा पोथींत राहिला. घट्ट बांधल्यामुळें रक्त थांबून अवयव कुजल्याचीं उदाहरणें आपल्या देशांतील शस्त्रवैद्यांनीं नमूद केलीं आहेत. त्यांच्या मुळाशीं ही ताटातूट आहे.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, वैद्यकाचीं बाडें पाहतांना केवळ ग्रंथनाम पाहून तीं बाजूस ठेवूं नयेत. सुश्रुताची नेपाळांतील ८७८ सालची ताडपत्रप्रत जगद्विख्यात आहे. परंतु आपल्या प्रश्नास एखाद्या तालमीच्या पेटींतील मोडी चिटोरेंहि तितकेंच मोलाचें ठरेल. योगरत्नाकराच्या प्रतींत भग्नाधिकाराच्या समासांत कोणी कांहीं लिहिलें आहे काय, तेलाच्या पाठांत स्थानिक नांवें आहेत काय, कोल्हापूरच्या पुरालेखागारांतील जमाखर्चांत हाडवैद्यास दिलेली बिदागी किंवा इनाम सांपडतें काय, हें पाहावें. आणि ज्या वस्तादांच्या हातीं ही विद्या अद्यापि आहे, त्यांच्याकडून प्रत्येक क्रियेचें वर्णन त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें. कोणत्या दुखण्यास आपण हात लावीत नाहीं, हें तर प्रथम विचारावें. पोथी जीर्ण झाली तरी तिची नक्कल करतां येते. हाताची नक्कल हात चालता आहे तोंवरच होते.